स्वतःच्या विषाने तो का मरत नाही?

प्रश्न असा, की मातीतला जिवाणू स्वतःच्याच अँटिबायोटिकने मरत कसा नाही? १९४३ साली सापडलेलं स्ट्रेप्टोमायसिन घ्या. ते बनवणारा जिवाणू स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसिअस आधी ए-फॅक्टर नावाचा संदेशरेणू सोडतो. तो पुरेसा साठला की जनुकांवरचा लगाम सुटतो, आणि उत्पादन चालू करणाऱ्या जनुकाबरोबरच शेजारचं प्रतिकाराचं जनुकही वाचलं जातं. पेशीत औषधाला फॉस्फेट चिकटवून ते निकामी ठेवलं जातं. बाहेर पडल्यावर फॉस्फेट काढला जातो. केवढी नेमकी व्यवस्था! पहिल्या पावसात आपल्या मराठवाड्याच्या काळ्या रानाला सुटणारा वासही मुख्यतः याच कुळाचा. डाळिंबाच्या तेल्या रोगावर स्ट्रेप्टोसायक्लिन (यातही स्ट्रेप्टोमायसिनच असतं) मारलेलं पाहिलं की म्हणूनच काळजी वाटते. प्रतिकाराची जनुकं मातीत आधीपासून आहेत, फवारणीने आपण त्यांनाच वाव देतो.