बाळाचा बाप्तिस्मा पुढे ढकलायचा अधिकार फादरांना आहे का?

शेवटच्या बाकावरची
मुलगी पाच महिन्यांची झाली. बाप्तिस्म्याची तारीख मागायला गेले. फादर बोलले गोड, पण तारीख काही दिली नाही. आधी आईवडिलांच्या तयारीवर्गाला बसा, चार रविवार मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) दिसा, मग बघू म्हणाले. मी कॅथलिक, नवरा कुठलाच धर्म न मानणारा. त्याची हरकत नाही, उत्साहही नाही. मी नाताळ-ईस्टरची ख्रिस्ती, हे आधीच कबूल करते. त्यात गॉडफादर म्हणून माझा भाऊ सुचवला तर तोही चालत नाही, त्याचं दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा कन्फर्मेशनचा विधी) राहिलंय म्हणून.
येशू म्हणाला, बालकांना माझ्याकडे येऊ द्या. मग आईचा हजेरीपट बघून लेकराला थांबवणारे हे कोण? कृपा फुकट असते ना?

तयारीवर्गवाली
मी हे वर्ग घेते, त्यामुळे माझी बाजू कुठली ते सांगायला नको. 1983 च्या कॅनन लॉमधला, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातला, 868 वा नियम बघा. आईवडिलांपैकी निदान एकाची संमती हवी, आणि मूल कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी आशा धरायला काही आधार हवा. तो आधार अजिबातच नसेल तर बाप्तिस्मा पुढे ढकलायचा आणि का ढकलला ते आईवडिलांना सांगायचं. कायमचा नकार द्या असं त्यात नाही.
आणि कृपा फुकट असली तरी वचन तुम्ही देता. 'सैतानाला नाकारता का? पित्यावर विश्वास आहे का?' हे प्रश्न बाळाला नाही विचारत, तुम्हाला विचारतात. भर मिस्सात 'होय' म्हणताना एकमेकांकडे बघून हसू दाबणारे आईबाप मी पाहिलेत. मला त्यांचा राग येत नाही, कीव येते. काय म्हणायचंय हे त्यांना कुणी आधी सांगितलेलंच नसतं.
भावाबद्दल फादर बरोबर आहेत. गॉडपेरेंट साधारण सोळा वर्षांच्या वरचा, दृढीकरण आणि कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर घेणं) झालेला कॅथलिक लागतो, आणि तो बाळाचा आई किंवा बाप नसावा. एकच असला तरी चालतो. मैत्रीण असेल तर तिला घ्या, भाऊ फोटोत उभा राहील.

उलट तपासणी
868 सांगितलात, 867 गाळलात! त्यात आईवडिलांनी पहिल्या काही आठवड्यांतच बाप्तिस्मा करवून घ्यावा असं आहे. इथे बाळ पाच महिन्यांचं झालंय. आणि 'आशेला आधार' मोजायचा कशाने? आई स्वतःच्या पायांनी दारात आली, हा आधार नाही? जानेवारी 2014 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सिस्टिन चॅपेलमध्ये बाप्तिस्मा दिलेल्या बाळांत एक असं होतं की ज्याच्या आईवडिलांचं चर्चमध्ये लग्नच झालेलं नव्हतं. तिथे लग्न आड आलं नाही, इथे चार रविवार आड येतात.

तयारीवर्गवाली
आठवडे मलाही मान्य. म्हणून तर तयारी बाळंतपणाआधी सुरू करा असं आम्ही घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. त्याच नियमात तेही आहे, जन्माआधीच फादरांना भेटा म्हणून. येतं कोण?

बुडून वर आलेला
तुमचं दोघांचं भांडण तारखेवरून चाललंय, मुद्दा वेगळाच आहे. बायबलच्या नव्या करारात एकाही तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्याचं वर्णन नाही. आधी विश्वास, मग पाणी (मार्क 16:16). मला तान्हेपणी शिंपडलं होतं. चोविसाव्या वर्षी मी स्वतःहून पाण्यात उतरलो. माझ्या दृष्टीने तो पहिलाच. इ.स. 200 च्या सुमारास तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकानेही लहान मुलांच्या बाबतीत थांबा असंच लिहिलंय. ऑगस्टीनसारखा थोर ख्रिस्ती विचारवंत मोठा झाल्यावर, 387 मध्ये बाप्तिस्मा घेतो. आणि या एका मुद्द्यावर माणसं मेलीत. 1527 मध्ये झुरिकला फेलिक्स मान्झला प्रौढांना पुन्हा बाप्तिस्मा देतो म्हणून नदीत बुडवून मारलं.
ताई, बाळाचं समर्पण करा. मंडळीपुढे न्या, आशीर्वाद मागा, आभार माना. पाणी नको, बाळाच्या नावाने वचन नको. मोठी झाली की ती ठरवेल.

पाळकांची लेक
माझं चर्च प्रॉटेस्टंट आहे आणि आम्ही बाळांना बाप्तिस्मा देतो. बायबलमध्ये लुदिया नावाच्या बाईने आणि तुरुंगाच्या अधिकाऱ्याने घरच्या सगळ्यांसकट बाप्तिस्मा घेतला (प्रेषितांची कृत्ये 16). त्या घरांत पाळणा होता असं लिहिलेलं नाही, नव्हता असंही नाही. इथवर आपली बरोबरी. पण तर्तुलियन 'थांबा' म्हणतो म्हणजे त्याच्या काळी कुणीतरी बाळांना बाप्तिस्मा देत होतं ना? जे होतच नाही त्याला कोण थांबवेल? आणि ऑगस्टीन तर तुमच्यावरच उलटतो. स्वतः मोठेपणी घेतला खरा, पण नंतर तान्ह्यांच्या बाप्तिस्म्याची सगळ्यात जोरकस बाजू त्यानेच मांडली.
'ती ठरवेल' हेही मला पटत नाही. भाषा, नाव, आडनाव यातलं काय ठरवू दिलं आपण त्यांना?

बुडून वर आलेला
नावाने कुणी सैतानाचा त्याग करत नाही. पण तर्तुलियनचा टोला लागला, मान्य.

घरातला दुसरा
मी नवऱ्याच्या जागी आहे, म्हणजे माझी बायको कॅथलिक आणि मी काहीच नाही. ताई, लग्नाच्या वेळी तुम्ही 'मुलांना कॅथलिक बाप्तिस्मा मिळावा म्हणून शक्य ते सगळं करीन' असं वचन दिलं असेल. ते फक्त तुमचं असतं. नवऱ्याला त्याची कल्पना दिली जाते, तो बांधला जात नाही. कायद्याला एकाची संमती पुरते, जेवणाच्या टेबलाला पुरत नाही. आमच्याकडे मी वर्गाला गेलो, मागे बसलो, दोनच प्रश्न विचारले. फादरांना त्यात अपमान वाटला नाही. समारंभाला मी उभा राहिलो, पण 'होय' म्हणालो नाही. ते आधीच ठरलं होतं. नवऱ्याला एकदा नीट विचारा. 'हरकत नाही' हे उत्तर नव्हे.

शेवटच्या बाकावरची
वचन दिलं होतं, विसरले होते. नवऱ्याशी काल रात्री बोलले. वर्गाला येतो म्हणाला, उभा राहील, बोलणार नाही. ठीक आहे.
पण एक गोष्ट लपवली होती. तारीख मिळत नाही म्हटल्यावर माझ्या आईने परवा आंघोळ घालताना बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी ओतून पिता, पुत्र, पवित्र आत्मा म्हटलं. मला आज कळलं. हे धरायचं का?

तयारीवर्गवाली
अरे देवा. जिवाला धोका असला तर असा बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतो, अगदी ख्रिस्ती नसलेला माणूसही. धोका नसताना आजीने परस्पर देणं चूक. पण चुकीच्या वेळी दिला तरी शब्द, पाणी आणि हेतू बरोबर असेल तर तो झाला, आणि झालेला पुन्हा देता येत नाही. मग फक्त राहिलेले विधी, म्हणजे तेल, पांढरं वस्त्र, मेणबत्ती, आणि नोंदवहीतली नोंद.
म्हणून नेमके शब्द विचारा. नुसती तिघांची नावं घेतली की 'मी तुला बाप्तिस्मा देते' असंही म्हटलं? 2020 मध्ये व्हॅटिकनने 'आम्ही तुला बाप्तिस्मा देतो' असं म्हणून दिलेले बाप्तिस्मेसुद्धा झालेच नाहीत असा निर्वाळा दिला. 'मी' ऐवजी 'आम्ही', एवढंच! खात्री करताच आली नाही तर 'तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर' अशी अट घालून देतात. काहीही असो, फादरांना सांगा. लपवू नका.

उलट तपासणी
एका 'मी'वर सगळं! आणि म्हणे कृपा.

शेवटच्या बाकावरची
आईला विचारलं. म्हणाली, 'म्हटलं असेन गं, साबण तिच्या डोळ्यांत चालला होता, मी तो बघू की शब्द?'
शनिवारी फादरांची वेळ घेतलीय. आईलाही नेते, त्यांनीच विचारावं.