संपाच्या दिवशी रात्री ९:२० चं विमान, आणि फ्रँकफुर्ट ११ ला बंद

निशिगंध_मानहाइम

नमस्कार मंडळी. आई-बाबा (६६ आणि ७२) तीन महिने आमच्याकडे होते. गुरुवारी रात्री ९:२० ला फ्रँकफुर्टहून मुंबईचं थेट विमान आहे. आज दुपारी कळलं, त्याच कंपनीच्या वैमानिकांनी बुधवार-गुरुवार संप पुकारलाय. कंपनीचा अजून मेल नाही, ॲप खुशाल 'वेळेवर' दाखवतंय. त्यात शेजारीण म्हणाली की तिथे रात्री ११ नंतर विमान उडूच देत नाहीत. म्हणजे दोन तास उशीर झाला तरी रात्र गेलीच. आईला मधुमेह आहे, बाबांसाठी व्हीलचेअर सांगितली आहे. आणि खरा धसका पुढेच आहे: दोघांच्या व्हिसाचे ९० दिवस शनिवारी भरतात. हे तिकीट रद्द करून दुसरं काढून टाकू का? कालपासून बॅगा भरून हॉलमध्ये उभ्या आहेत आणि बाबा दर तासाला वजन करतायत.

खारघरकर

संप म्हणजे पूर-भूकंपासारखाच धरतात, भरपाई वगैरे विसरा. मला एकदा नुसतं सँडविचचं कूपन मिळालं होतं. मिळेल ते तिकीट काढा आणि पाठवून द्या.

माइनकाठचा

निशिगंध, आधी हे वाचा, बाकी सावकाश: स्वतःहून तिकीट रद्द करू नका. तुम्ही रद्द केलंत की तिकिटाच्या अटी लागू होतात. कंपनीने केलं तर युरोपचा विमानप्रवाशांच्या हक्कांचा २६१ क्रमांकाचा नियम लागू होतो. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मेलची वाट बघवत नसते, ठाऊक आहे, पण बघा.

खारघरकर, संप कोणाचा हे बघावं लागतं. कंपनीच्याच वैमानिकांनी पगारासाठी रीतसर संप केला, तर ती 'असाधारण परिस्थिती' नाही, असं युरोपच्या न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये ठरवलंय. खटला स्कँडिनेव्हियातल्या २०१९ च्या वैमानिक संपाचा होता. फ्रँकफुर्ट-मुंबई साडेतीन हजार किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे माणशी ६०० युरो. रद्द झाल्याचं १४ दिवस आधी कळवलं नसेल तरच, पण संप जाहीरच दोन दिवस आधी होतात. पर्यायी विमानाने चार तासांपेक्षा कमी उशिरा पोचवलं तर रक्कम निम्मी करू शकतात. विमानतळाच्या कर्मचाऱ्यांचा किंवा हवाई नियंत्रकांचा संप असेल तर गोष्ट वेगळी. १० मार्च २०२५ ला इथले डझनभर विमानतळ एकदम थंडावले, तसल्या दिवशी कंपनी हात वर करते आणि भरपाईपुरतं तिचं बरोबरही असतं. जेवण, हॉटेल आणि दुसरं विमान मात्र तेव्हाही द्यावंच लागतं.

आता रात्रीचं. शेजारीणबाई म्हणतात ते खरं आहे, ११ ते ५ बंद. रखडलेल्या विमानाला १२ पर्यंत खास परवानगी मिळू शकते, पण उशिराचं कारण कंपनीच्या हाताबाहेरचं असावं लागतं. मी स्वतः एकदा यात सापडलो. डिसेंबर, भाचीचं लग्न, साडेनवाचं विमान (कंपनीचं नाव घेत नाही). कर्मचारी उशिरा आले, मग पंखांवरचा बर्फ काढायची रांग. दहा पन्नासला आमचा नंबर लागला. अकरा वाजून काही मिनिटांनी कॅप्टन म्हणाला, परत फिरतोय. पट्टा बांधून बसलेले तीनशे लोक, एक शब्द नाही. मागे कुणाचं तरी बाळ तेवढं हसत होतं.

गंमत अशी, की मी राहतो फ्ल्योर्सहाइमला, नव्या धावपट्टीच्या तोंडाशीच. पूर्वेचा वारा असला की विमानांची पोटं आमच्या गच्चीवरून जातात. त्यांच्या मागच्या भोवऱ्याने कौलं उडायची, म्हणून आमच्या गल्लीत कौलांना क्लिपा ठोकल्यात. कोकणात वादळाला करतात तशा! ही धावपट्टी ऑक्टोबर २०११ ला सुरू झाली. राज्य सरकारला रात्री सरासरी १७ विमानं हवी होती, पण कासेलच्या न्यायालयाने त्याच महिन्यात ती अडवली आणि एप्रिल २०१२ ला लाइपझिगच्या केंद्रीय प्रशासकीय न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. आमच्या शेजारच्या आजी सोमवारी टर्मिनल १ मधल्या मोर्च्याला शिटी घेऊन जायच्या. त्यांच्यामुळे मी रोज सहा तास सलग झोपतो. त्या रात्री मात्र घरापासून दहा मिनिटांवर, टर्मिनलच्या खुर्चीत, त्याच नियमाला शिव्या देत बसलो होतो. आजींना हे अजून सांगितलेलं नाही.

त्या वेळी कंपनीने मला लिहिलं, 'रात्रबंदीमुळे उड्डाण शक्य नव्हतं.' हे वाक्य आलं की लगेच विचारायचं: त्याआधीचा उशीर कशामुळे? दार ११ ला बंद होतं हे काही त्यांना त्याच रात्री कळलेलं नसतं. मी कर्मचाऱ्यांच्या उशिरावर बोट ठेवलं. दोन नकार आले, मग बर्लिनच्या प्रवास-वाहतुकीच्या लवाद मंडळाकडे अर्ज केला. प्रवाशाला फुकट असतो. पैसे आले, पण भाचीला तोवर मुलगा झाला होता.

तुमच्या व्हिसाचं. स्टिकरवर दोन गोष्टी असतात, 'कधीपर्यंत वैध' आणि 'किती दिवस'. वैधतेत बहुतेकदा पंधरा दिवस जास्तीचे असतात आणि लोक त्यावर विसंबतात. धरायचे ते दिवस. शनिवार ओलांडायची वेळ आलीच, तर गुपचूप राहू नका. विमान रद्द झाल्याचा मेल छापून घ्या आणि मुदतीच्या आतच मानहाइमच्या परकीय नागरिक कार्यालयात जा. हाताबाहेरच्या कारणासाठी मुदतवाढ मागता येते, तिला शुल्क नाही. शनिवारी कार्यालय बंद, म्हणजे तुमचा खरा शेवटचा दिवस शुक्रवार दुपार. प्रवास विमाही तेवढे दिवस वाढवा.

मेल आला की फोनवर 'आमच्याकडे रविवारशिवाय जागा नाही' म्हणतील. तुम्ही म्हणा, दुसऱ्या कंपनीची चालेल. आखातातून किंवा इस्तंबूलमार्गे घ्या, लंडनमार्गे दिलं तर आधी ट्रान्झिट व्हिसाचं बघा. व्हीलचेअर नव्या तिकिटावर पुन्हा सांगावी लागते, ती आपोआप जात नाही. इन्सुलिन आणि आठवडाभराच्या गोळ्या हातसामानात. संपात चेक-इन केलेली बॅग कुठे जाऊन बसेल, देवालाही सांगता येत नाही.

खारघरकर

म्हणजे माझ्या सँडविचवाल्यांकडे आता काही मागता येईल? २०२३ च्या ऑगस्टमधलं, म्युनिक.

माइनकाठचा

जर्मनीत तीन वर्षं, आणि तीही त्या वर्षाच्या अखेरीपासून मोजतात. म्हणजे ३१ डिसेंबर २०२६. कूपन जपून ठेवलं असेल तर उत्तमच. संप कोणाचा होता?

खारघरकर

केबिन क्रूचा. कूपन खाल्लं.

निशिगंध_मानहाइम

मंगळवार रात्र, ताजी खबर: मेल आला, रद्द. पहिल्या फोनला रविवारच म्हणाले. 'दुसरी कंपनी चालेल' हे तीनदा म्हटल्यावर शुक्रवार संध्याकाळचं इस्तंबूलमार्गे मिळालं. व्हीलचेअर खरंच गायब होती, पुन्हा सांगितली. विमान संध्याकाळी ६ चं आहे, तेव्हा ११ ची धास्ती नाही. पण शुक्रवारीही अडकले तर? सकाळी आठला कार्यालयाच्या दाराशी उभी राहू का?

माइनकाठचा

उभ्या राहा. दोन्ही पासपोर्ट, रद्द झाल्याचा मेल, नवं तिकीट. आणि बाबांना सांगा, नव्या कंपनीची वजनमर्यादा वेगळी असू शकते.

निशिगंध_मानहाइम

सांगितलं. वजनकाटा पुन्हा बाहेर आलाय.