दोन वेगळ्या कंपन्यांचे हेल्मेटमधले इंटरकॉम जोडले की नकाशाचा आवाज बंद होतो. नवे संच घेताना काय पाहावे?

नमस्कार.

आम्ही चौघे तीन मोटरसायकलींवरून लांबच्या प्रवासाला जातो. सर्वांत पुढे रस्ता ओळखणारा मित्र, मधल्या गाडीवर दुसरा मित्र आणि शेवटी मी, माझ्या मागे धाकटी बहीण, असा आमचा क्रम ठरलेला असतो. वळणावर सांडलेली वाळू, अचानक आलेला खड्डा किंवा चुकीच्या बाजूने समोर येणारे वाहन यांची सूचना शेवटच्या गाडीपर्यंत वेळेत पोहोचावी, एवढ्यासाठीच आम्हाला इंटरकॉम हवा आहे. हाताच्या खुणा सरळ रस्त्यावर उपयोगी पडतात, पण वळण आले की पुढची गाडीच दिसत नाही. गाणी नसली तरी आमचे काही अडत नाही. नकाशाच्या सूचना मात्र मला ऐकू याव्याच लागतात, कारण मागे राहिलेल्या गाडीला रस्ता स्वतःच शोधावा लागतो.

सध्या माझ्याकडे आणि पुढच्या मित्राकडे वेगवेगळ्या कंपन्यांचे साधे ब्लूटूथ इंटरकॉम आहेत. पुस्तिकेत दिल्याप्रमाणे माझे उपकरण 'युनिव्हर्सल इंटरकॉम'च्या (म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या उपकरणाशी जोडण्याच्या) पेअरिंगमध्ये आणि त्याचे उपकरण फोन जोडण्याच्या पेअरिंगमध्ये ठेवले की दोन्ही जोडले जातात आणि बोलणेही सुरू होते. मात्र त्याच क्षणी माझ्या नकाशाचा आवाज बंद पडतो आणि बोलणे थांबवल्यावरच परत येतो. दोन्ही उपकरणांतील जुनी पेअरिंग पूर्ण पुसून, फोनच्या ब्लूटूथ यादीतून त्यांची नोंद काढून, सर्व नव्याने जोडून पाहिले. फोनमध्ये त्या नोंदीखालील 'कॉल' आणि 'मीडिया' हे दोन्ही पर्याय चालू आहेत. तरीही फरक पडलेला नाही. शिवाय मधल्या मित्राला या जोडणीत सामावून घेताच येत नाही, आणि गाडीचा वेग वाढला की बोलणे वाऱ्याच्या आवाजात बुडून जाते.

हा उपकरणातील बिघाड आहे की अशा जोडणीचा स्वभावच असा आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. नवे घ्यायचे झाल्यास मेश (म्हणजे जाळ्यासारख्या जोडणीच्या) पद्धतीचे घ्यावे का, सर्वांनी एकाच कंपनीचे घेणे आवश्यक आहे का, आणि मागे बसणाऱ्या बहिणीला स्वतंत्र उपकरण लागेल का, याबद्दलही मार्गदर्शन हवे आहे.

प्रतिसाद

आपले उपकरण बिघडलेले नाही. युनिव्हर्सल इंटरकॉममध्ये मित्राचे उपकरण आपल्याला इंटरकॉम म्हणून ओळखतच नाही. त्याच्या दृष्टीने आपण एक फोन आहात आणि चाललेले बोलणे म्हणजे फोनवरचा कॉल. ब्लूटूथमध्ये कॉलसाठी एचएफपी आणि गाण्यांसाठी एटूडीपी असे वेगवेगळे प्रोफाइल, म्हणजे आवाज पाठवण्याच्या ठरावीक पद्धती असतात. एचएफपी दुतर्फा आणि मोनो असते, एटूडीपी एकतर्फी आणि स्टिरिओ असते, आणि कॉल चालू असेपर्यंत बहुतेक हेडसेट एटूडीपीचा आवाज थांबवून ठेवतात. नकाशाच्या सूचना सहसा एटूडीपीवरूनच येत असल्यामुळे त्या गप्प होतात. तिसरे उपकरण जोडता न येण्याचे कारणही यातच आहे, कारण फोनसाठीच्या जागा मोजक्याच असतात आणि त्यातील एक आधीच अडलेली असते.

एकाच कंपनीचे ब्लूटूथ इंटरकॉम घेतल्यास नकाशाचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो, परंतु चौघांसाठी मी ते सुचवणार नाही. अनेक जण जोडले जातात तेव्हा त्यांची साखळी तयार होते, आणि मधला एक जण मागे पडला किंवा त्याची बॅटरी संपली की त्याच्या दोन्ही बाजूंच्या लोकांचा संपर्क तुटतो. मेशमध्ये प्रत्येक उपकरण इतरांचा आवाज पुढे पोहोचवते, त्यामुळे एक जण बाहेर पडला तरी उरलेल्यांची जोडणी आपोआप सावरते. मेशचा दुवा फोनच्या ब्लूटूथपेक्षा वेगळा असल्याने फोनही मोकळा राहतो, आणि आपल्या दृष्टीने हाच सर्वांत मोठा लाभ आहे. मात्र कार्डो कंपनीचे डीएमसी नावाचे मेश आणि सेना कंपनीचे मेश एकमेकांशी मेशवर बोलू शकत नाहीत. तेव्हा कंपनी कोणतीही निवडा, पण सर्वांनी मिळून एकच निवडा. बहिणीलाही स्वतंत्र उपकरण लागेल आणि गटात तिची गणना एक सदस्य म्हणूनच होईल.

खोक्यावर लिहिलेल्या पल्ल्यावर निवड करू नये. तो आकडा मोकळ्या जागेतील, समोरासमोर काही आड नसतानाचा असतो, 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी डोंगरापलीकडे नीट जात नाहीत आणि माणसाच्या शरीरातही शोषल्या जातात. पावसात वापरायचे असल्यास आयपी 67 हे धूळ व पाण्यापासूनच्या संरक्षणाचे मानांकन पाहावे, म्हणजे धूळ पूर्ण अडते आणि 1 मीटर पाण्यात 30 मिनिटांपर्यंत बुडाले तरी संरक्षण मिळते.

वाऱ्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण पुष्कळ लोक या एका गोष्टीपायी चांगले उपकरण बदलून टाकतात. हेल्मेट घालून स्पीकर कानाच्या छिद्रासमोर बरोबर आला आहे का, हे आधी तपासा. तो थोडासा पुढे किंवा खाली सरकला तरी आवाज फारच क्षीण वाटतो. स्पीकर आणि कान यांत पोकळी राहत असेल तर स्पीकरखाली सोबत मिळणारा फोमचा जाड तुकडा चिकटवावा. फुल फेस हेल्मेटमध्ये वायरचा छोटा माइक हनुवटीच्या भागात आतून, ओठांच्या अगदी समोर लावावा. उघड्या हेल्मेटसाठी दांडीचा बूम माइक असतो. माइकवर दिशेची खूण असेल तर ती तोंडाकडे हवी आणि फोमचे टोपण कधीही काढू नये. इअरप्लग घालून पाहण्याचाही सल्ला देईन. वाऱ्याची घरघर कमी झाल्यामुळे बोललेले अधिक स्पष्ट कळते आणि कानांचेही रक्षण होते.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. स्पीकर खरोखरच कानाच्या मागे सरकलेला होता. तो पुढे आणून खाली फोम लावल्यावर आवाजात मोठा फरक पडला. मधला मित्र, बहीण आणि मी मेशचे संच घेण्यास तयार आहोत, परंतु पुढचा मित्र त्याचे सध्याचे उपकरण इतक्यात बदलू इच्छित नाही. त्याला वगळल्यास सूचना देणाराच संपर्काबाहेर राहील. यावर काही मार्ग आहे का?

प्रतिसाद

मार्ग आहे. अनेक मेश उपकरणांमध्ये गटातील एखादा सदस्य ब्लूटूथवरून बाहेरचे एक उपकरण जोडून घेऊन त्याचा आवाज गटापर्यंत पोहोचवू शकतो. खरेदीपूर्वी पुस्तिकेत ही सोय आहे ना, हे नक्की पाहावे. ही जबाबदारी मात्र आपण घेऊ नये, कारण आज आपल्याला जी अडचण येत आहे तीच दुवा होणाऱ्या सदस्याला येऊ शकते. मधल्या मित्राला नकाशाची गरज नाही आणि तो पुढच्या गाडीच्या सर्वांत जवळ असतो, म्हणून दुवा त्यानेच व्हावे. दोघांतील अंतर त्यांनी वाढू देऊ नये, कारण या ब्लूटूथ दुव्याला मेशसारखा दुसऱ्या वाटेचा आधार नसतो.

जोडताना आधी तिघांचा मेश गट तयार करावा, नंतर प्रत्येकाने आपापला फोन जोडावा आणि पुढच्या मित्राचे उपकरण सर्वांत शेवटी घ्यावे. प्रत्येक टप्प्यानंतर आपण नकाशाची एक सूचना वाजवून पाहिली, तर आवाज नेमका कोणत्या जोडणीमुळे थांबतो हे गाडी सुरू करण्याआधीच कळेल.