मदत हवी आहे: टेन्शनमधलं खाणं कसं आवरायचं?

सांगलीकर कुणी आहे का इथं? धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. तिला वजन कमी करायचंय, दिवसा जेवण अगदी मोजकं, पण सासऱ्यांच्या आजारपणापासून रात्री सगळे झोपले की भडंगाचा डबा घेऊन बसते, भूक नसते तरी, मोबाईल बघत बघत डबा तळाला जातो, मग रडते आणि दुसऱ्या दिवशी उपाशी, की रात्री परत तेच. पोट भरल्याचं मेंदूला कळायला साधारण २० मिनिटं लागतात म्हणून सावकाश खा म्हटलं, जेवताना जमतं, रात्री नाही. मला तरी हा डाएटपेक्षा मनाचा प्रश्न वाटतो. सांगली-मिरजेत वजनावरून टोमणे न मारता नीट ऐकून घेणारे डायटिशियन किंवा काउन्सेलर माहिती आहेत का? आणि त्या वेळी हात डब्याकडे जाऊ नये म्हणून तुम्ही काय करता, तेही सांगा प्लीज.