मदत हवी आहे: १८व्या शतकातल्या शिफ्टची बगल फाटतेय

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा विचित्र आहे, हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. दीड वर्षापासून मला अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधले आतले कपडे हातानं शिवायचा नाद लागलाय. शिलाई मशीन घराघरांत आलं ते १८५० नंतर, त्यामुळे माझंही मशीन कपाटात बंद.

सध्या शिफ्ट शिवतेय. हा पोटरीपर्यंतचा सैल झगा बायका थेट अंगावर घालत. त्यावर स्टेज (कॉर्सेटची आजी म्हणा, देवमाशाच्या तोंडातल्या पट्ट्या घालून ताठ केलेली), मग परकर, मग वरचा पोशाख. चड्डी तेव्हा तिकडच्या बायका घालतच नसत. आपल्याकडच्या छापील सुती कापडानं त्यांना इतकं वेड लावलं होतं, की १७२१ साली ते वापरायला कायद्यानं बंदी आली आणि ती १७७४ पर्यंत टिकली. पण शिफ्ट लिननचीच. घाम टिपायचा, खळाखळा उकळून धुवायची, पुन्हा घालायची.

मला मोह पडला तो कटिंगचा. गळा सोडला तर एकही गोलाई नाही! नुसते आयत, चौकोन, त्रिकोण. खांद्यावर शिवण नाही, कापड तिथे दुमडलेलं. वरच्या बाजूनं तिरपा कापलेला त्रिकोण उलटा करून खाली घेराला कळी म्हणून लावायचा. चिंधीसुद्धा वाया जात नाही. सासूबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढं मोठं झबलं कुणासाठी गं?"

आता अडलंय कुठे ते सांगते. बगलेत ४ इंची चौकोन येतो, हात वर करता यावा म्हणून. मी ब्लाउजच्या सवयीनं बाही लावली, बाहीची आणि बाजूची शिवण खालपर्यंत घातली, मग बगल उसवून त्या भोकात चौकोन बसवला. कोपरे वळेनात म्हणून कात्रीनं खाचा दिल्या. दिसायला बरं दिसलं. पहिल्याच धुण्यात खालच्या कोपऱ्यातून धागे सुटले आणि अंगात घालून वरच्या फळीवरचा डबा काढायला गेले तर टर्रकन आवाज. आता तिथे करंगळी जाईल एवढं भोक आहे आणि बाजूला चुण्या पडल्यात.

रफू करू की ती बाजू नव्यानं कापू? लिनन महाग पडलंय हो. शिवाय गळ्याखाली लाल दोऱ्यानं फुलीटाक्यात आद्याक्षरं आणि १ नंबर घालून झालाय (धोब्याकडे अदलाबदल होऊ नये म्हणून तेव्हा घालत तसा). जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

दोरा कुठला वापरलात? टाका केवढा?

धागाकर्ती

सुती दोरा, मेणावरून ओढून घेतलेला. इंचाला दहाएक टाके. शिवण तुटलेली नाही, कापडच गेलंय.

प्रतिसाद २

ताई, टाक्याचा दोष नाही, क्रम चुकलाय. आमचे आजोबा शिंपी होते, अंगरख्याच्या या तुकड्याला ते चौबगला म्हणत. तो भोकात कधीच बसवायचा नाही, बाही नळीसारखी जोडण्याआधीच लावायचा.

बाही टेबलावर सपाट पसरा. चौकोनाची एक बाजू बाहीच्या एका कडेला, वरच्या टोकाशी. त्याला लागून असलेली दुसरी बाजू बाहीच्या दुसऱ्या कडेला. मग तिथून मनगटाकडे बाहीची शिवण. आता चौकोनाच्या दोन बाजू मोकळ्या राहिल्या. बाही अंगाला जोडताना एक पुढच्या भागाला, एक मागच्या भागाला. बाजूची शिवण सगळ्यात शेवटी, चौकोनाच्या टोकापासून खाली. प्रत्येक वेळी सरळ कड सरळ कडेलाच येते, खाच द्यायचा प्रश्नच नाही. फक्त कोपऱ्याशी शिवण कडेपर्यंत नेऊ नका, शिवणीत जितकं कापड जातं तितकं आधी थांबा आणि तिथे दोन उलटटीपा मारा. तेवढी जागा मोकळी राहिली की कोपरा आपोआप वळतो.

आतून कड झाकताना एक बाजू अर्धी छाटा, दुसरी तिच्यावर दुमडून तुरपा. जिथे कापडाचा मूळ काठ आलाय तिथे तेही नको, धागे सुटत नाहीत.

नवीन कापू नका. बगल, बाहीची शिवण आणि बाजूची शिवण वीतभर उसवा. फाटलेला भाग कडेला येईल. तिथे शिवण दोन दोरे (पाव इंच) आत घ्या, भोक शिवणीतच जाईल. चौकोन मात्र ५ इंची घ्या, हात जास्त मोकळा होईल आणि आत घेतलेलं भरूनही निघेल.

धागाकर्ती

बाप रे, म्हणजे मी उलट्या टोकानं सुरुवात केली होती! काल रात्री डावी बगल उसवली. सपाट पसरल्यावर चौकोन पंधरा मिनिटांत बसला, आधी दोन संध्याकाळी गेल्या होत्या. खालच्या कोपऱ्यात अजून एक बारीक चुणी आहे, मी दोन टाके पुढे गेलेय बहुतेक. ते काढते. उजवी बगल फाटलेली नाही, पण तीही उसवावी का?

प्रतिसाद २

उसवा. आज ना उद्या तीही जाणार.