मदत हवी आहे: स्पेलो आणि असिसी एका दिवसात, सामान आणि गुडघेदुखीसह

ऑक्टोबरअखेर, मंगळवारी रोमहून सकाळच्या रेल्वेने फोलिन्योला गाडी बदलून स्पेलो, संध्याकाळी असिसीला मुक्काम (दोन्ही इटलीतली डोंगरउतारावरची जुनी गावं). गाडी भाड्याने घेणार नाही. सोबत आई (७२), सपाटीवर दोन किलोमीटर आरामात चालते, पण चढ आणि दगडी फरसबंदीवर गुडघे बोलतात. दोन मध्यम बॅगा आहेत.

असिसीचं जमलंय: स्टेशन खाली सांता मारिया देल्यी आंजेलीला, तिथून बसने वर पियाझ्झा मात्तेओत्ती या चौकात आणि मग उतारानेच मिनर्व्हाच्या मंदिरापर्यंत. चढ टाळायचा तर हीच दिशा बरी.

अडलंय ते स्पेलोत. स्टेशनपासून पोर्ता कोन्सोलारे (गावाची जुनी वेस) जवळ आहे, पण आतला मुख्य रस्ता चढाचाच. व्हिला देई मोझाइची (रोमन घराच्या मोझेइक फरशा) आणि पोर्ता व्हेनेरे (दुसरी जुनी वेस, बाजूला प्रोपेर्त्सिओचे बुरूज) एवढंच बघायचंय. वरचं गाव सोडलं तरी चालेल. नकाशात अंतर दिसतं, चढ कळत नाही. आधी असिसीला सामान टाकून परत येण्याचा पर्याय तपासला, त्यात बसच्या दोन फेऱ्या वाढून दुपार जाते.

तर, स्पेलोत स्टेशनजवळ चार तास बॅगा ठेवायची सोय आहे का? आणि या दोन ठिकाणांसाठी तटबंदीबाहेरून, पायऱ्या नसलेला रस्ता कोणी चाललंय का?