सागवानी चौरंगाची फळी गाठीजवळ उचकटली, काय करू?

प्रश्न (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

मंडळी, आमचं जुनं घर पाडलं तेव्हा दाराची सागवानी चौकट वखारीत जाऊ न देता मी ठेवून घेतली. तिचाच यंदा गणपतीला चौरंग करतोय, दीड बाय दीड फूट. मी सुतार नव्हे, बँकेत कारकून, रंधा आजोबांचा. काल रात्री गाठीजवळ रंधा मारला आणि चर्रर्र झालं. दोन इंच लांब, नखाएवढी रुंद जागा उचकटली. एका टोकाला ढलपी अजून लोंबतेय, बाकीची छिलक्यांत गेली, आणि छिलके आईनं सकाळी बंबात घातले! भुसा-फेविकॉल भरून पॉलिश पेपर मारू का? तीन आठवडे आहेत.

उत्तर १

भुसा-फेविकॉल नको. मी देव्हाऱ्याला केलंय. फेविकॉल सुकला की ती जागा पॉलिश पीतच नाही. आज सहा वर्षं आरतीला माझी नजर त्या डागावर.

उत्तर २

भावा, ढलपी ओढू नकोस. जुना सागवान तेलकट, म्हणून आधी थिनरचा बोळा फिरव. मग कागदाच्या कपट्यावर फेविकॉल घेऊन तिच्या पोटात सरकव, दाब, वरून सेलोटेप ताणून लाव. पावसाळी हवा आहे, दिवसभर हात लावू नको.

खड्डा उथळ असेल तर काचेचा तुकडा घे. आमचे वडील खिडकीची फुटकी काच जपून ठेवायचे, घरात सगळ्यांच्या शिव्या खाऊन. कलती धरून खरवडायची, पण वीतभर आजूबाजूलाही. नाहीतर पॉलिशच्या चकाकीत खळगा दिसतो. खोल असेल तर ठिगळ. त्याच चौकटीचा तुकडा, लाकडाच्या रेषा त्याच दिशेला, आकार होडीसारखा. चौकोनी ठिगळाची आडवी कड लगेच डोळ्यात भरते. ठिगळ आधी बनव, ते ठेवून चाकूनं आख, मग पटाशीनं ते बसायला घर खण. जरा उंच राहू दे, नंतर काचेनं उतरव.

आता हे उचकटलं कशानं, तर गाठीभोवती रेषा वळसा घेते. अलीकडे सुलटी, पलीकडे उलटी. उसाचा पाला कधी धरलायस? बुडाकडून शेंड्याकडे कडेवरून बोट गुळगुळीत जातं, उलटं फिरवलं की रक्त. उलट्या बाजूनं गेलास की धार पोचायच्या आधीच लाकूड पुढं फाटत जातं. फळीच्या कडेला बघ, रेषा जिकडे वर चढतात तिकडे रंधा. पातं परजून घे, पाठीवर लोखंडी पट्टी असेल तर ती धारेपासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत आण. छिलका कांद्याच्या सालीसारखा निघायला हवा.

उत्तर ३

जुन्या चौकटीत बिजागरीच्या मोडक्या चुका, म्हणजे बारीक खिळे, असतात. चुंबक फिरवा आधी, माझ्या पात्याला दात पडलाय.

मूळ प्रश्नकर्ता, नऊ दिवसांनी

चुंबकाला दोन चुका सापडल्या, एक तर पुढच्याच फटक्यात पात्याखाली आली असती. ढलपी बसली, शोधावी लागते. पहिलं ठिगळ वाया, घरच मोठं खणलं. दुसरं बसलं, पण जवळून दिसतं. बरोबर मध्यावर आहे म्हणा, तिथं गणपतीच बसणार. छिलक्यांची पिशवी मात्र बंबापासून लांब, कपाटावर ठेवलीय.